राखाडी कल्ला

"वहिनी, तो फोन आधी खाली ठेवा," दीर म्हणाला. बांधाआड त्याचा खड्डा निम्मा खणून झाला होता.

वहिनींनी मेलेल्या माशाचा कल्ला अंगठ्याने उघडला. लालभडक असायला हवा, तो राखाडी पडला होता. माशांचं नवं बीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तळ्यात सोडल्यापासून मासे मरतच होते.

तळेवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये रोज एकच प्रकारचा फोटो येई: दोन्ही हातांत थोरला मासा आणि मागे दात काढून हसणारा मालक. मेलेले मासे चुना टाकून गुपचूप पुरायचे असत. नवऱ्यामागे तळं हाती घेतल्यावर वहिनींना मिळालेला पहिला धडा हाच.

"व्यापाऱ्याला कळलं तर तो फाटकात पाऊल टाकायचा नाही. मग काय हवा खाऊन जगायचं?"

"आपलं पाणी खालच्या तळ्यांत जातं, भावजी. त्यांनी काय खायचं?"

त्यांनी फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'माझ्या तळ्यात रोग आहे. पाटाची दारं बंद करा.'

ग्रुपमध्येच असलेल्या व्यापाऱ्याचा फोन लगेच आला. यंदा तुमचा माल राहू द्या म्हणाला. दीर खणत राहिला.

 मग ग्रुपवर शेजारच्या तळ्याच्या मिशीवाल्यांचा आवाज आला, "आमच्याकडेही हेच चाललंय. घरच्यांनासुद्धा सांगितलं नाही." त्यामागून बाकीचे बोलू लागले. बीज सगळ्यांनी एकाच गाडीवाल्याकडून घेतलं होतं. सगळ्यात जुना तळेवाला म्हणाला, "मी नवं बीज आधी वेगळ्या टाकीत ठेवतो. खराब निघालं तर तिथेच कळतं."

"मग इतकी वर्षं तोंड का शिवलं होतंस?" मिशीवाल्यांनी त्याला विचारलं.

"कुणी विचारलं होतं?"

वहिनींनी लिहिलं, 'माझं तळं आता उपसावंच लागेल. वाळवून चुना मारते. पुढचं सगळ्यांचं बीज आधी माझ्या या रिकाम्या तळ्यात वेगळं ठेवून तपासू. उद्या बघायला या.'

सकाळी, पायांबरोबर रोग इकडून तिकडे जाऊ नये म्हणून, फाटकात औषधाच्या जांभळ्या पाण्याचं घमेलं ठेवून वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. मिशीवाले गाडीतून उतरले.

"मीपण पाय बुडवायचे?"

"तुम्ही आधी."

त्यांनी बूट काढले, पँट दुमडली. त्यांच्यामागे चपला हातात घेऊन बाकीचे उभे राहिले. पलीकडे पंप तळ्याचं पाणी पडीक रानात ओढून टाकत होता, आणि तळाचा चिखल हळूहळू उघडा पडत होता.