दोन बोटं सैल

शिवणवाल्या मावशीच्या दुकानासमोरचं अंगण त्या सकाळी नुसतं गजबजलं होतं. ज्यू पंचांगात झाडांचंही नवं वर्ष असतं आणि त्या दिवशी प्रत्येक झाड एका वर्षाने मोठं होतं. अंगणातल्या तुतीला एकतीस वर्षं पूर्ण झाली म्हणून मावशीच्या बेकरीवाल्या दिरापासून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळी इमारत खाली उतरली होती. टेबलावर फळांची ताटं होती, पण खाण्यात कुणाचं लक्ष असेल तर शपथ! दहा वाजता पालिकेचा निरीक्षक येणार होता.

अंगणाचं पार्किंग करायचं घाटत होतं. तुती वाचायची एकच वाट होती. खोडाचा घेर शंभर सेंटिमीटर भरला, की झाडाला हात लावता येत नाही, असा नियम होता. ही तुती मावशीच्या नवऱ्याने लावलेली, आणि तो जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. दर नव्या वर्षाला मावशी गळ्यातला टेप काढून गिऱ्हाइकासारखं तिचं माप घ्यायची. गेल्या वर्षी ते बरोब्बर शंभर भरलं होतं. तिच्याच शब्दावर सगळ्यांनी अर्ज ठोकला होता.

निरीक्षक आला. माणूस सरळ, पण घाईत आणि सर्दीने बेजार.

"माझी पट्टी लोखंडी आहे, खोडाभोवती नीट बसायची नाही," तो म्हणाला. "तुमचा हात सवयीचा. तुम्ही टेप धरा, आकडा मी वाचतो."

मावशीने झरकन टेप फिरवला.

"एकशे दोन!"

एकच जल्लोष उठला. दिराने डॉक्टरीणबाईंना टाळी दिली. निरीक्षकाने पेन काढलं.

मावशीची नजर मात्र स्वतःच्या हातावर गेली. टेप आणि खोड यांच्यामध्ये तिची दोन बोटं होती. कपडा अंगाला काचू नये म्हणून ती नेहमी अशीच बोटं आत ठेवून माप घ्यायची. चाळीस वर्षांची सवय! झाडालाही मावशी इतकी वर्षं सैल झगाच शिवत आली होती.

दिराच्याही ते लक्षात आलं. "वहिनी," तो कुजबुजला, "गप्प राहा. कुणी पाहिलं नाहीये."

तिलाही गप्पच राहायचं होतं, अगदी मनापासून. पण नवऱ्याच्या झाडाचं खोटं माप तिच्या हातून कागदावर चढलं असतं, तर त्या झाडाखाली तिला पुन्हा बसवलं नसतं.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "बोटं आत राहिली. पुन्हा घेते."

दिराने कपाळावर हात मारून घेतला. मावशीने बोटं काढली, टेप सालीला भिडवला आणि डोळे गच्च मिटले. निरीक्षक वाकला, त्याने नाक पुसलं, परत वाकला. मेल्याला एवढा वेळ का लागतोय, असं तिला झालं.

"शंभर," तो म्हणाला, "आणि वर अर्धा."

"घट्ट धरून?"

"झाड गुदमरेल हो बाई, सोडा आता!"

आरडाओरडा, शिट्ट्या, दिराचा नाच, सगळं एकदम सुरू झालं. मावशीला टेप सोडवेना. म्हणजे गेल्या वर्षी बोटं आत धरून शंभर भरलेली तुती खरी शंभर नव्हतीच. या एका वर्षात भरली होती. मावशीने खोडाला मिठी मारली आणि ती सगळ्यांदेखत रडायला लागली.

"वेळेवर वाढलीस गं," ती म्हणाली. "अगदी वेळेवर वाढलीस."