आठवीचं माप

टेलरबाईला मान वर करायला फुरसत नव्हती. शाळेच्या खेळाच्या गणवेशाचं काम अंगावर होतं. पांढऱ्या पँट, दोनशे दहा. मान अवघडली होती, डोळे चुरचुरत होते, आणि त्यातच शाळेची चिठ्ठी आली. तुमची मुलगी चार महिने मैदानाच्या कडेला बाकावर बसून आहे. शनिवारी धावण्याची परीक्षा आहे. तीही दिली नाही तर खेळात नापास, आणि खेळात नापास म्हणजे वरच्या वर्गात नाही.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण इथे मशीनवर पाय झिजवायचे आणि या महाराणीने बाकावर बूड टेकून बसायचं!

"काय गं, पाय मोडलेत का तुझे?"

"पोट दुखतं," चिमणी म्हणाली. हे नाव ती पाच वर्षांची असताना पडलं होतं. आता ती चौदाची होती, आईच्या उंचीची, अंगाने भरलेली.

"चार महिने?"

चिमणीने वही पुढे ओढली.

"आळशी मेली! शनिवारी धावली नाहीस तर माझ्याशी गाठ आहे."

शुक्रवारी तयार गठ्ठा घेऊन बाई शाळेत गेली. खेळाच्या मॅडम मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. गळ्यात शिट्टी, आवाज बसलेला.

"वीस वर्षं झाली ताई मला इथे," त्या म्हणाल्या. "सातवीपर्यंत पोरी वाऱ्यासारख्या पळतात. आठवीत काय होतं देव जाणे. सगळ्यांची पोटं नेमकी खेळाच्या तासालाच दुखतात. मी विचारायचंच सोडलं आता."

बाकावर आठवीच्या अकरा जणी होत्या, त्यात चिमणीही. शिवणाऱ्या माणसाला आधी कपडा दिसतो, मग माणूस. भर उन्हात अकराही जणींनी कमरेला स्वेटर बांधले होते. पळणाऱ्यांतल्याही चार-पाच जणी एका हाताने शर्ट मागून खाली ओढत पळत होत्या, आणि कुंपणाच्या भिंतीवर बसलेली पोरं शिट्ट्या मारत होती. अगं, पळताना हात मोकळे नकोत का, असं बाईच्या अगदी तोंडावर आलं. मग तिला त्या पँट कोणी शिवल्या ते आठवलं.

एकेकीचं माप घेण्यात वेळ जातो, म्हणून ती दरवर्षी इयत्तेप्रमाणे कापत आली होती. आठवी म्हणजे कंबर सव्वीस. वीस थर एकावर एक ठेवायचे आणि कात्री चालवायची. कापड वाचावं म्हणून शिवणीत माया ठेवायची नाही, त्यामुळे नंतर उसवून सैल करायची सोय नाही. पांढरं, पातळ, घट्ट. पोरी इयत्तेप्रमाणे वाढत नाहीत, हे घरात एक वाढत असताना तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला स्वतःची शरम वाटली.

घरी आल्यावर ती चिमणीच्या शेजारी टेकली.

"पँट घट्ट होते ना?"

चिमणीने वहीतून डोकं काढलं नाही. "एकदा उसवली. मागून, दुसऱ्या फेरीत. पाळी चालू होती माझी. सगळे हसले."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस? आई टेलर आहे तुझी!"

"सांगितलं होतं, त्याच्या आधीच. तुझं मशीन चालू होतं. तू म्हणालीस, पोट आत घे."

बाईला काही आठवेना. म्हणजे म्हटलंच असणार. लक्षात ठेवण्याइतकं ते तिला मोठं वाटलं नव्हतं.

"ऊठ," ती म्हणाली. "उद्यासाठी एक सैल शिवते, गडद कापडाची. मॅडमशी मी बोलते."

चिमणी उभी राहिली. टेप कमरेभोवती गेली तसं तिने श्वास ओढून पोट आत घेतलं आणि भिंतीकडे बघत थांबली.

"सोड गं श्वास."

"आकडा वाढेल."

"वाढू दे," आई म्हणाली. "वाढू दे, चिमणे."

तरी श्वास सोडायला चिमणीला बराच वेळ लागला.