कोरड्या क्लचला घातलेलं तेल

मी विंचचा क्लच बोलतोय. हसू नका! लाकडं ओढायच्या जुन्या ट्रॅक्टरच्या पाठीवर तार गुंडाळून ओझं खेचणारी विंच असते, तिच्या पोटात मी. इंजिन फिरत असतं, तारेचा ढोल उभा असतो. दोघांची गाठ घालायची, एवढंच माझं काम. मात्र मला तेलाचं वावडं. कोरडा असलो तरच पकडतो, तेल लागलं की घसरतो.

उमेदीच्या दिवसांत मनोरकडच्या डोंगरातून सागाचे ओंडके मी ओढून काढले. मला जोडायचा-सोडायचा दांडा गोमाच्या हातात असायचा. जवळच्या पाड्यावरचा हा गडी. बायकोशी, पारूशी, बोलणार नाही इतकं माझ्याशी बोलायचा. पारू म्हणायची, सवतच आणलीय घरात.

खंडेनवमीला तो विंचला झेंडूची माळ घालायचा आणि कोयत्याला लावतात तसं तेल, तेही चांगलं वाटीभर, थेट माझ्या फटीत ओतायचा. मी घसरू लागलो. मालकाला वाटलं, झिजला. त्याने ट्रॅक्टर वखारीमागे टाकून दिला. मला गंज चढला. सगळे विसरले, गोमा तेवढा दरवर्षी तेल घेऊन यायचा. माया अशीच असते बघा, समोरच्याला काय सोसतं ते विचारतच नाही.

यंदा माहीमच्या नरहरीशेठनी वाडीत पडलेली झाडं ओढायला तो ट्रॅक्टर घेतला. गोमाला शब्द दिला, क्लच चालला तर दांडा तुझाच. गोमाचा जीव भांड्यात पडला. नाहीतर दिवाळीनंतर पारूला घेऊन वीटभट्टी गाठायची होती.

बोईसरच्या हितेश मिस्त्रीने मला उघडलं, गंज घासला, नवं अस्तर बसवलं. कित्येक वर्षांनी मी कोरडा ठणठणीत झालो. तेल घालू नका, असं त्याने शेठना बजावलं. शेठचं ते गोमाला सांगायचं राहूनच गेलं.

चाचणीच्या सकाळी गोमा धुतलेला सदरा घालून आला. नारळ फोडला आणि पिशवीतून तेलाची बाटली काढली. मला ओरडावंसं वाटलं, पण क्लचला तोंड कुठलं!

सुरूचा ओंडका अर्ध्या चढावर आला आणि मी घसरलो. ओंडका मागे जाऊन कुंपणावर आदळला. नशीब, कुणाला लागलं नाही. शेठनी बोलावल्यावर हितेशने येऊन झाकण काढून बघितलं आणि गोमाला शांतपणे सगळं समजावलं.

गोमा माझ्याकडे वळला. "म्हंजे इतकी वर्सं मीच याला मारत व्हतो?"

 शेठ म्हणाले, चूक होते माणसाकडून, उद्यापासून ये.

"नको शेट. माजा हात त्याला सोसत नाय."

तो पारूला घेऊन भट्टीवर गेला. मला पुन्हा धुऊन पुसून बसवलं. आता दांडा नव्या गड्याच्या, प्रणवच्या, हातात असतो. पोरगा कामाला चोख, पण बोलत नाही. झाडं निघतात, मी घट्ट पकडतो, आणि आतून रडू येतं.

वीटभट्टीकडे कधी गेलात तर गोमाला एवढं सांगा. तेल आणू नकोस म्हणावं. पण तू ये.