दिवा लागला म्हणजे ठीक

माझ्या नाकावर राग असतो, हे आख्ख्या शेळगावाला ठावं हाय. मोटारी भरायचं काम करते मी. विहिरीवरची मोटार जळली की माझा नवरा ज्ञानू ती काढून आणतो, मी आतली जळकी तार उपसते अन् नवी भरते. भरून झाली की सिरीजच्या दिव्यावर लावायची. सिरीजचा दिवा म्हणजे लई मोठं काय न्हाय. घरच्या लाईटीची एक वायर बल्बातनं फिरवून आणायची अन् दोन टोकं मोकळी ठेवायची. ती टोकं तारेला लावली अन् दिवा लागला, की तार कुठं तुटलेली न्हाय, ठीक हाय. न लागला, तर खोट. सोळा वर्षं ह्या दिव्यानं मला कधी फसवलं न्हाय. त्याच्याच जिवावर मी लोकांना सुनावत आले.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालच्या चौदा एप्रिलच्या जयंतीची. माझा धाकटा भाऊ बुद्धघोष बारामतीच्या एमआयडीसीत कामाला हुता. त्याच्या पाळीत लाईटीचं एक पॅनल जळलेलं सापडलं, अन् त्याला घरी पाठवलं. भर दुपारी डबा घेऊन माझ्या दारात आला. मी दारातच इचारलं, "काय जाळलंस?" डबा ठेवला अन् भिंतीला टेकून बसला. तो जो बसला, तो दहा महिने बसूनच हुता. आमच्याकडंच ऱ्हायचा. वाढलं तर जेवायचा, सांगितलं तर दळण आणायचा. म्हणायचा, "अक्का, माझ्या हाताला यश न्हाय." मी म्हणायची, हात धुवून बघ.

मंग एका जत्रंत त्यानं लेझर लाईट घेतली. बोटाएवढी नळी, बटण दाबलं की भिंतीवर लाल ठिपका. त्या साली पोरासोरांच्या हातात तीच दिसायची. ह्यानं ती फोडली. आतला बारका लेझर काढला, दोन मोडक्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी काढल्या, त्यांच्या टोकाला आरशाचे तुकडे जरा तिरके चिकटवले. उजेड पहिल्या आरशावर, तिथनं दुसऱ्यावर, तिथनं भिंतीवर. मोटारी फिरल्या की त्या एका ठिपक्याची रेघ व्हायची अन् रेघंचं फूल. मोटारींना जोडलेलं रेडिओचं बटण फिरवलं की पाकळ्या कमी-जास्ती व्हायच्या. एका जागी बटण आलं की झेंड्यावर असतं तसं सरळ आऱ्यांचं चाक उभं ऱ्हायचं. ते दिसलं तवा बुद्धघोष हसला. दहा महिन्यांनी हसला. म्हणाला, "अक्का, जयंतीला विहाराच्या भिंतीवर हे फिरवू." मी लगोलग आळीभर सांगून आले.

खोट एकच हुती. मोटारी चालू झाल्या की थोड्या वेळात लाल उजेड मान टाकायचा. फूल दिसायचं अन् विझायचं. जयंती बुधवारी. शनिवारी तो पाण्याला गेला, अन् माझ्याच्यानं बसवंना. कुणाची खोट समोर पडलेली असली की माझा हात शिवशिवतो. लेझरच्या दोन वायरी सोडवल्या, सिरीजची टोकं लावली. दिवा लख्ख लागला. म्हणलं, झालं, लेझर ठीक हाय. वायरी जशा हुत्या तशा जोडून ठेवल्या.

तो आला, बटण दाबलं. आता तर उजेडच न्हाय.

"लेझर मी तपासलाय," मी म्हणलं. "ठीक हाय. तुझ्या जोडकामात घोडं पेंड खातंय."

अक्कानं तपासला म्हणजे तपासला. त्यानं इचारलंसुद्धा न्हाय, कशावर तपासला. शनिवारभर, रविवारभर, सोमवारभर त्यानं एकेक टाका उकलला अन् परत कथलाचा डाग दिला. मी येता-जाता बोलत हुते. हितं डाग कच्चा हाय, तितं वायर मोकळी हाय, ध्यान कुठं असतं तुझं. सोमवारी तो म्हणाला, "अक्का, जयंतीच्या कमिटीला सांग, न्हाय जमत." अन् परत त्याच भिंतीला जाऊन टेकला.

चूल पेटवली अन् भाकरी थापायची इसरले. गावातला गेणू त्याची भरलेली मोटार न्यायला आला, त्याच्यावर उगाच खेकसले. हे पोरगं परत दहा महिने बसलं तर उठायचं न्हाय, हे मला सपष्ट दिसत हुतं. मंगळवारी सकाळी लेझर रुमालात बांधला अन् त्याला न सांगता बारामतीची एसटी धरली.

तांब्याची तार घ्यायला मी जिथं जाते, त्याच्या शेजारी चिंतामणरावांचं दुकान हाय. रेडिओ, टीव्ही दुरुस्त करतात. सावकाश माणूस. मी म्हणलं, हे बघा अन् पटकन सांगा, मला अकराची गाडी गाठायचीय.

"बसा, शालनबाई," ते म्हणाले. "मी सांगून काय उपयोग? उद्या परत बिघडलं तर परत याल. मीटर धरायला शिका."

माझा जीव थाऱ्यावर न्हाय अन् हे शाळा घ्यायला बसले. पण गरज मला हुती. लाल काडी इकडं, काळी तिकडं. एक सेल, दीड व्होल्ट. तीन सेल ओळीनं, साडेचार. मंग त्यांनी त्या तीन सेलांना खेळण्यातली मोटार जोडली. काटा घसरला, तिनावर आला.

"का बरं घसरला?" त्यांनी इचारलं.

ह्याला काय शाळा लागते? शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की माझ्या घरातला बल्ब पिवळा पडतो, हे मी रोज बघते. "मोटार ओढून घेती," मी म्हणलं. अन् म्हणता म्हणता मलाच उमगलं. बुद्धघोषचा लेझर अन् मोटारी एकाच सेलांवर हुत्या. मोटारींना निराळे सेल द्यायचे, एवढंच. मी उठलेच.

"थांबा. तुमचा लेझर तर बघू." त्यांनी रुमाल सोडला. "ह्याच्या आत डायोड असतो. तुमच्या विहिरीतला फूटव्हॉल्व्ह कसा, पाणी एकाच बाजूनं जाऊ देतो, तसा. आता तुम्हीच मोजा. एकदा असं, एकदा काड्या उलट्या करून."

मोजलं. काटा दोन्ही बारी पार टोकाला गेला.

"दोन्हीकडनं वाहतंय," मी म्हणलं.

"म्हणजे फूटव्हॉल्व्ह गेला. हा जळून आरपार झालाय. ह्याला साडेचार व्होल्टांच्या वर सोसत नाही. काय लावलं होतं?"

मला सिरीजचा दिवा दिसला. लख्ख. आरपार जळालं म्हणूनच लख्ख लागला हुता तो. तीन दिवस मी त्या पोराला टोचून खाल्लं, अन् खोट माझ्या हाताची हुती.

चिंतामणरावांना सांगितलं. ते हसले न्हाईत. म्हणाले, "तुमच्या कामात दिवा लागला म्हणजे ठीक. ह्यात तसं नसतं."

स्टँडवर एक माणूस तसल्याच नळ्या विकत हुता. एक घेतली. गाडीत बसले अन् मन लागलं पळवाटा काढायला. लेझर हुबेहूब तसाच हाय. गुपचूप बसवायचा. म्हणायचं, एक डाग सुटला हुता, मी लावला. कुणाचं काय जातंय? उद्या जयंती, पोरगं खुश, अन् आपली लाजपण झाकली. घर येईस्तवर मी हेच घोकत हुते.

घरी आले तर तो बाहेर गेला हुता. नवा लेझर बसवला, मोटारींना निराळे सेल दिले, मीटरशिवाय पण पहिल्यांदा कशाला काय जोडतेय हे कळून जोडलं. दिवेलागणीला तो आला. मी बटण दाबलं. भिंतीवर लाल फूल उमललं अन् फिरतच ऱ्हायलं. विझलं न्हाय.

बुद्धघोष दारातच थांबला. "काय चुकलं हुतं माझं?"

"डाग सुटला हुता एक," मी म्हणलं.

मला वाटलं हसंल. तो म्हणाला, "बघ. तीन दिवस शोधून मला सापडला न्हाय. कंपनीत म्हणाले तेच खरं, माझ्या हातातच खोट हाय. उद्या तूच चालव अक्का, मी हात लावत न्हाय." अन् तो भिंतीकडं निघाला.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा जन्म गेला, पण त्या टायमाला जीभ जड झाली. तरी बोलले. "डाग न्हाय सुटला. तुझे समदे डाग पक्के हुते. लेझर मी जाळला. शनिवारी, सिरीजच्या दिव्यावर लावून. हा नवा हाय."

"सिरीजवर?" तो वळला. "घरच्या लाईटीवर?"

"व्हय."

"तीन सेलांच्या जिवाला तू दोनशे तीस व्होल्ट लावलंस? अन् वर मला सांगितलंस लेझर ठीक हाय? तीन दिवस मी डाग उकलतोय, अन् तू उभी ऱ्हाऊन बोलतीस? एकदा इचारायचं हुतंस की मला. दुसऱ्याच्या कामाला हात लावायच्या आधी इचारावं एवढी अक्कल न्हाय तुला?"

एवढा आवाज त्याला हाय, हे मला माहीत न्हवतं. ज्ञानू जेवता जेवता उठून आला. मला कुणी असं बोललं तर मी त्याची पिढी काढते. त्या दिवशी न्हाय काढली. बोलू दिलं.

दम लागला तवा तो थांबला. मंग हळू आवाजात म्हणाला, "अन् ते पॅनलपण मी जाळलं न्हवतं. मी यायच्या आधीच्या पाळीत जळालं हुतं."

"मंग दहा महिने बोलला का न्हाईस?"

"तू दारातच इचारलंस, काय जाळलंस." तो म्हणाला. "काय झालं, असं न्हाय इचारलं."

मी खाली जमिनीवर बसले, त्याच्या त्या भिंतीला टेकून. त्यानं बटण जरा फिरवलं. फूल सरळ झालं, चाक उभं ऱ्हायलं.

"काय झालं हुतं?" मी इचारलं.

तो माझ्याशेजारी बसला अन् पहिल्यापास्नं सांगायला लागला.