रापी आणि डाव्या हाताचे होल्स्टर

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिले असेल. मी एक जुनी रापी आहे. रापी म्हणजे चामडे कापायचे हत्यार. लांबीला वीतभर, पुढे पसरट पाते आणि मागे बाभळीची मूठ. हदगावच्या बस स्थानकासमोर मारोतीरावांचे दुकान आहे, तिथल्या लाकडी पाटावर मी राहते.

माझा जन्म उमरीचा. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचा एक तुकडा लोहाराने भट्टीत लाल केला, ठोकून पसरवला आणि पाणी पाजून टणक केला. मारोतीराव तेव्हा ऐन तारुण्यात होते. त्यांनी मला मनगटावरच्या केसांवरून अलगद फिरवले. केस साफ उतरले. "जमली हाय," एवढेच ते बोलले आणि मला सदऱ्याच्या खिशात टाकून हदगावला घेऊन आले.

पुढची वर्षे कामाची होती. मी चपलांचे तळ आणि अंगठे कापले, शाळेच्या दप्तरांना पट्टे कापले. पण मारोतीरावांचा जीव होता तो पोळ्याच्या कामात. बैलांच्या गळ्यातले घुंगुरपट्टे ते असे सजवत की आसपासच्या गावांतले शेतकरी महिनाभर आधी नंबर लावत. पितळी खिळ्यांची फुले, कडेने वेल आणि मधोमध मोर. लोक पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघत आणि मारोतीराव मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसत. त्या कौतुकातला थोडा वाटा मला माझाही वाटे.

त्यांची मुलगी आरती बारावी झाल्यावर दुकानात बसू लागली. आधी ती फक्त टाके घालायची. मग एक दिवस तिने मला हातात घेतले. मित्रांनो, हात कसा आहे हे हत्याराला लगेच कळते. मारोतीरावांचा हात नाचरा, आरतीचा स्थिर. ती रेघ मारायची आणि त्या रेघेवरून केसभरही ढळायची नाही.

एका सकाळी बसवंत नावाचे गृहस्थ दुकानात आले. ते मूळचे निलंग्याचे. फौजेतून निवृत्त होऊन हदगावच्या बँकेत पहारेकरी झाले होते. त्यांच्या बारा बोअरच्या बंदुकीचा खांद्यावरचा पट्टा तुटला होता आणि बंदूक पायरीवर आदळली होती.

"काका, असा पट्टा करा की माझ्या नातवानं बी वापरावा," ते म्हणाले.

मारोतीरावांनी म्हशीचे जाड कातडे काढले आणि दोन दिवसांत पट्टा केला. त्यावर त्यांनी आपला मोरही काढला. बसवंतांनी पट्टा ओढून पाहिला, टाके मोजून पाहिले आणि म्हणाले, "मजबूत हाय. पण पहाऱ्यावरच्या माणसाला मोर कामून पाहिजे, काका?"

मारोतीराव हसले नाहीत. आरतीने मात्र दुसरा पट्टा करायला घेतला. अगदी साधा. कडा घासून घासून काचेसारख्या गुळगुळीत केल्या, टाके सारख्या अंतरावर घातले. बसवंतांनी तोच खांद्याला लावला. त्यानंतर दुसरे पहारेकरी आले, परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आले. हौशी शेतकरी मारोतीरावांकडे मोर मागत आणि पहारेकरी आरतीकडे वळत.

"फूल न्हाई, पान न्हाई. हे कसलं काम?" मारोतीराव पुटपुटत.

"बाबा, मला असंच आवडतंय," आरती म्हणे.

एकाच पाटावर बसून बाप-लेक पाठ फिरवून काम करू लागले. मी कधी या हातात, कधी त्या हातात.

मग एक दिवस दुकानासमोर पोलिसांची जीप थांबली. उतरल्या त्या नव्या फौजदार बुद्धप्रिया मॅडम. त्या डावखुऱ्या होत्या. कमरेला पिस्तूल ठेवायचे जे चामडी घर असते, त्याला होल्स्टर म्हणतात. त्यांना मिळालेले होल्स्टर उजव्या बाजूचे होते.

"उजव्या हातानं काढायचं, डाव्यात घ्यायचं आणि मग नेम धरायचा," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात समोरचा काय थांबून राहणार आहे का? आणि जीपमध्ये बसलं की पिस्तुलाचा दस्ता बरगडीत घुसतो. हे सगळं पुरुषांच्या कमरेसाठी केलेलं आहे. वरिष्ठांची परवानगी मी घेतली आहे. तुम्ही कराल?"

"करते," आरती म्हणाली. मारोतीरावांनी चमकून तिच्याकडे पाहिले.

पिस्तूल दुकानात ठेवून जाता येणार नव्हते. मॅडमनी ते रिकामे करून समोर धरले, आरतीने मापे घेतली आणि त्या मापांवरून सुताराकडून सागवानाचे हुबेहूब पिस्तूल करून आणले. बसवंतांनी तिला बारकावे सांगितले. "अक्का, बोटानं दाबायचा घोडा पूर्ण झाकला पाहिजे. होल्स्टरचं तोंड दबलं नाही पाहिजे. न बघता एका हातानं परत ठेवता आलं पाहिजे."

मी कातडे कापले. आरतीने ते भिजवले, लाकडी पिस्तुलावर चढवले आणि बोटांनी दाबून दाबून आकार दिला. पण त्या दिवशी आभाळ भरून आले होते आणि मॅडमचा नांदेडचा गोळीबार सराव दोन दिवसांवर होता. आरतीला घाई झाली. तिने लाकडी पिस्तूल लवकर बाहेर ओढले आणि ढगांतून ऊन डोकावताच होल्स्टर तापत्या पत्र्यावर ठेवले. मारोतीराव समोरच बसले होते. त्यांनी पाहिले. मग मान खाली घालून ते आपल्या मोराचे खिळे ठोकू लागले.

ते होल्स्टर घेऊन सरावाला गेलेल्या मॅडम तिसऱ्या दिवशी परत आल्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे अजूनच वाईट वाटले.

"घड्याळ लावून पिस्तूल काढायचं होतं. अडकलं. दोनदा अडकलं," त्या म्हणाल्या. "सराव होता म्हणून बरं. खरा प्रसंग असता तर?"

होल्स्टर पाटावर ठेवून त्या निघून गेल्या.

आरतीने होल्स्टर कपाटात कोंबले. त्यानंतर ती चपलांना तळ चिकटवू लागली, दुसरे काही नाही. बाजारातून एक प्लॅस्टिकच्या मुठीचे कटर आणले. मी कोपऱ्यात पडले. पावसाळ्याचे दिवस होते, माझ्यावर तांबूस गंज चढला. एकदा सोल्युशनच्या डब्याचे झाकण निघेना, तेव्हा तिने रागात मला त्याच्या खाचेत घालून पिळले. कट्! माझा एक कोपरा तुटून पडला. मला वाटले, संपले आपले आयुष्य.

तुटलेला तुकडा मारोतीरावांनी उचलला. मग मला उचलले. दोन दिवस ते मला दगडावर घासत होते. गंज गेला. तुटका कोपरा त्यांनी घासून गोल केला, त्यामुळे मला वळणावर कापणे सोपे झाले. मग त्यांनी मला आरतीच्या मांडीजवळ ठेवले आणि घसा खाकरला.

"पोरी, ते कातडं उन्हात आखडलं. आतलं लाकूड बी तू लवकर काढलंस."

आरतीने वर पाहिले. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी बघून राहिलो होतो."

"मग बोलला का न्हाई?"

मारोतीराव पाटावरचे खिळे गोळा करू लागले. "सगळे तुझं साधं काम मागून राहिले. माझ्या मनात आलं, चुकू दे एकदा. तुझी न्हाई, माझी चूक हाय ती. त्या मॅडमच्या जिवावर बेतली असती."

आरतीचे डोळे भरून आले. रागाने की दुःखाने, ते मला कळले नाही. ती उठून आत गेली. तिची आई गुणाबाई दारातून सगळे ऐकत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "बोललात ते बरं केलंत. आता सगळं शिकवा, अर्धं ठेवू नका."

थोड्या वेळाने आरती परत आली. तिच्या हातात नवे कातडे होते.

या वेळी मारोतीरावांनी कातड्याची पाठ निवडून दिली, कारण पोटाकडचे कातडे ताणते. आरतीने होल्स्टर पट्ट्यापासून चार बोटे खाली घेतले आणि पट्ट्याजवळ आतून चामड्याची जाड गादी दिली, म्हणजे दस्ता अंगापासून सुटा राहील. घोड्याभोवतीचे वळण मी माझ्या नव्या गोल कोपऱ्याने कापले. लाकडी पिस्तूल आत ठेवूनच सावलीत चार दिवस वाळवले. रोज सकाळी मारोतीराव बोट लावून बघत आणि म्हणत, "थांब अजून."

आरती ते स्वतः ठाण्यात घेऊन गेली. तिने मला सोबत नेले होते, काही कापावे लागले तर म्हणून. मॅडमनी आवारात रिकाम्या पिस्तुलाने ते वीस वेळा काढले, वीस वेळा ठेवले. जीपमध्ये बसून पाहिले. पळून पाहिले. मग पुन्हा डाव्या हाताने काढले, समोरच्या भिंतीकडे बघतच परत ठेवले. खट् असा बारीक आवाज झाला.

"आरती, पुढच्या सरावाला हेच लावणार," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने लातूरहून एका महिला फौजदारांचा फोन आला, मग आणखी दोघींचा. महिलांसाठी आणि डावखुऱ्यांसाठी साधी, मापातली होल्स्टर करणे हेच आता आरतीचे काम झाले आहे. दुसऱ्या कोणी नक्षी मागितली तर ती म्हणते, "ते बाबांचं काम. त्यांच्यासारखं मला न्हाई जमायचं." मारोतीराव आजही मोर काढतात. पण तिचे कातडे भिजले की आपले काम बाजूला ठेवून शेजारी येऊन बसतात.

मित्रांनो, हत्याराची अपेक्षा फार नसते. काम झाले की पुसा, तेलाचा हात फिरवा, ओलीत टाकू नका आणि माझ्यासारखीने डबे उघडू नका. माणसांबद्दल मात्र एक सांगते. कोणाचा हात कोणत्या कामात रमेल, ते त्याचे त्याला शोधू द्या. आणि शेजारचा चुकताना दिसला, तर त्याच्यावर कितीही रुसलेले असा, चामडे ओले आहे तोवर बोला.