हातभर खाली

"चमच्यानं काय उकरतेस गं? कुंडीतलं रोप वाटलं काय तुला?" बांधावर उकिडवा बसलेला देऊ म्हणाला.

आवडीनं मान वर केली नाही. सकाळी बदलापुरातल्या कात्रपहून निघताना तिनं रंगाचा रिकामा डबा घेतला होता, आणि ती कामाला होती त्या पाळणाघरातला खिमटी ढवळायचा मोठा चमचा. एवढ्यात भागेल असं तिला वाटलं होतं. रानकांदी तिनंच तर लावली होती, बोटभर खोल. एकोणीस वर्षं झाली. बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी नवव्या दिवशी गेली, बारसं राहूनच गेलं. बारवी धरणाजवळच्या या पाड्यावर पुरलेल्या बिननावाच्या बाळाच्या उशाशी दगड ठेवत नाहीत, रानकांदी लावतात.

सोमवारी इथे जेसीबी येणार होता. देऊनं, तिच्या भावानं, हा तुकडा एका फार्महाऊसवाल्याला विकला होता. त्याआधी कांदी काढायची आणि घरी बाल्कनीत नेऊन लावायची, एवढंच तिचं मागणं होतं.

रानकांदीचं सगळंच उलटं. पावसात गवतासारखी पानं येतात आणि भात पिवळं पडेतो वाळून जातात. आता संपलं म्हणावं, तर आश्विनात उघड्या मातीतून वीतभर दांडा वर येतो. ना पान, ना आडोसा. त्यावर फिकी जांभळी फुलं खालून वर एकेक उमलत जातात. बांधावरच्या बाकीच्या कांद्यांना पिल्लं फुटून झुबके झाले होते. ही एकटीच राहिली. फुलं दर वर्षी नऊ. आवडीनं आजही मोजली होती.

चमचा वितीभर खाली गेला तरी कांदा लागेना. पांढरा, ओलसर दांडा तसाच खाली जात होता.

"खाली उतरत असती ती," देऊ म्हणाला. "मुळं आटतात नि कांद्याला खेचून नेतात. दर साली थोडं थोडं. आईसोबत कंद काढायला जायचीस ना तू? इसरली. पार बदलापूरची झालीस."

"माहीत आहे मला."

"मग पहार आणू?"

"नको. लागेल."

कुणाला, ते देऊनं विचारलं नाही. तो नुसता गवताची काडी मोडत राहिला.

चमचा बाजूला टाकून आवडी पालथी झोपली आणि हातानंच माती काढू लागली. वर ऊन रणरणत होतं. हात कोपरापर्यंत आत गेला तशी माती गार लागली, मग हळूहळू कोमट. खांदा जमिनीला टेकला तेव्हा बोटांना कांदा लागला. लहानसा, गोल, वर पातळ साल. ती सालीखाली चाचपू लागली. जाड, मऊ मुळं होती आणि त्यांना आडव्या वळ्या पडल्या होत्या, तान्ह्या बाळाच्या मनगटाला पडतात तशा. खाली किती आणि काय, हे तिला ठाऊक होतं. खड्डा त्या वेळी देऊनंच खणला होता.

तिनं कांदा धरून ओढला. तो हलला नाही. पुन्हा ओढला, तर तिचंच बोट अडकलं. मुळीचा वेढा बसला होता. तिला वाटलं, तो आवळतोय.

ती ओरडली नाही. गाल मातीला लावून तशीच पडून राहिली.

"सापडली?" देऊचा आवाज उतरला होता.

"जेसीबी किती खोल जातो रे?"

"खोल कशाला? लेवल करणार. वरची वीतभर माती खरवडतील, मुरूम टाकतील. बंगला तिकडं रस्त्याकडं हाय. हितं नुसती लॉन."

आवडीनं डोळे मिटले. तिचा आख्खा हात खाली होता.

"मग राहू दे तिला," ती म्हणाली.

ती हिसका न देता वाट बघत राहिली. किती वेळ गेला कळलं नाही. कधीतरी बोट आपसूक मोकळं झालं. तिनं हात वर घेतला आणि माती भरली. खाली मऊ, वर ढेकळं. शेवटी फुलांचा दांडा जमिनीलगत खुडला. जागा आता कुणाला ओळखता आली नसती.

"फुलं तरी न्यायचीस," देऊ म्हणाला.

"नको. चल, सोड मला."

तो बाईक सुरू करायला गेला. मागे बसल्यावर तिनं उजवा हात उघडून पाहिला. तर्जनीच्या मधल्या पेराभोवती बारीक लाल वळ उठला होता.

कात्रप येईपर्यंत तिनं ते बोट दुसऱ्या मुठीत धरून ठेवलं.