सुऱ्याला न सापडणारी चरबी

बाजारातल्या त्या खाटकाला सगळे काडी म्हणायचे, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान! पन्नाशी उलटली तरी पोटाचा पत्ता नाही. ताटात चरबीचा एवढासा तुकडा दिसला की बाजूला काढायचा, वर बायकोला ऐकवायचा, "म्हणून मी असा आहे."

असा म्हणजे कसा, ते डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि रक्तातली साखर तीनशेच्या वर. साखर उतरेपर्यंत ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. इकडे दुकानात काडीसाहेबांनी मांस समजून स्वतःचाच अंगठा सोलला होता. बायकोनं त्याच दिवशी सुरा काढून घेतला. "डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत दुकान मी बघते. सुऱ्याला हात लावलात तर बघा!"

तीस वर्षं सुरा चालवलेला माणूस स्टुलावर बसून आवाजावरून गिऱ्हाइकं ओळखू लागला. जीव नुसता तळमळायचा त्याचा.

"साखर मोजायचं त्यांचं मशीनच बिघडलंय," त्यानं पुतणीला ठणकावलं. पुतणी डॉक्टर होती. "साखर जाड्या माणसांना होते. माझ्या अंगावर चरबी दाखव, दुकान तुझ्या नावावर करतो!"

"काका, अंगावर नसेल. मांसात असेल."

"मांस? मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, विचारते. मऊ मांस हवं असलं की जनावर कसलं निवडता?"

हा काय प्रश्न झाला! काडी खुलला. "बांधून खाऊ घातलेलं. हिंडलेल्याचं मांस चिवट. बांधलेल्याच्या मांसातच चरबीचे पांढरे दोरे पसरलेले असतात. कितीही धारेचा सुरा आण, ते निघायचे नाहीत."

"बरं. आणि हाडं कापायचं मशीन आल्यापासून तुम्ही दिवसभर काय करता?"

मशीन आलं त्याच आठवड्यात स्टूल आलं होतं. घर दुकानाच्या वरच. जिना उतरायचा, बसायचं, जेवायचं, पुन्हा बसायचं.

पुतणी म्हणाली, "रक्तातली साखर उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. इन्सुलिन त्यांच्या दाराशी जाऊन सांगतं, साखर आलीय, आत घ्या. आत चरबी साचून राहिली की त्यांना ते नीट ऐकू येत नाही. मग साखर रक्तातच फिरत राहते. पळणाऱ्यांच्या स्नायूंतही चरबी असते, पण ते ती रोज जाळतात. तुमची नुसती मुक्कामाला आहे."

"म्हणजे मी बांधलेलं जनावर?"

"मी कुठं तसं म्हटलं?" पण हसू काही तिला आवरेना.

काडीला असा राग आला, तिचा की स्वतःचा ते त्यालाही कळेना, की तो काठी घेऊन तडक बाजारभर हिंडून आला. दुसऱ्या दिवशीही गेला. भाजीवाल्या विचारायच्या, "काय काडी, दावं कुणी सोडलं?" बायकोनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, दुसरं कोण सांगणार! गोळ्या वेळेवर, पाण्याच्या बादल्या जिन्यानं वर न्यायच्या त्यानंच, आणि स्टूल दिलं शेजारच्या शिंप्याला. चार महिन्यांनी साखर उतरली. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाली तसा तो दुकानात शिरला. सगळं कसं लख्ख दिसत होतं. "आण इकडे सुरा!"

बायकोनं सुरा त्याच्या हातात ठेवला, आणि त्याला तिचा हात दिसला. बोटाबोटावर चिरा, काही भरलेल्या, काही ताज्या. एक नख अर्धं गेलेलं. चार महिने ती त्याच्या शेजारी बसून जेवत होती, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

"अगं, हे काय? सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर चालणं सोडून इथं येऊन बसला असतात."

भर दुकानात काडीला रडू फुटलं.

"अहो, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणालेत डॉक्टर!" ती ओरडली.

"जाऊ द्यायचं नाही म्हणालेत गं," काडी म्हणाला, "येतंय त्याला मी काय करू?"